पाचवा फाउल

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या बास्केटबॉल स्पर्धेला बाहेरचा पंच बोलवत नाहीत; पालकांपैकीच कोणीतरी शिट्टी घेतो. मी पंचाची परीक्षा दिलेली, म्हणून ती बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडते. गेल्या रविवारी माझी मुलगीच खेळत होती. समोरच्या संघातल्या एकीचे वडील सामन्याआधी म्हणाले, "साहेब, घरचं माणूस बघून शिट्टी गप्प नाही ना बसणार?" मी हसलो, पण ते डोक्यात राहिलं.

मुलीचे चार फाउल झाले होते. पाचव्याला बाहेर. शेवटची तीन मिनिटं उरली असताना तिने स्क्रीन लावली, म्हणजे आपल्या मैत्रिणीला वाट मोकळी व्हावी म्हणून ती समोरच्या मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली. अशा वेळी दोघींत एक पाऊल अंतर हवं आणि उभ्या राहिलेल्या मुलीचे पाय हलायला नकोत. समोरची मागे सरली, धडकली, पडली. मी शिट्टी वाजवली. मुलगी बाकावर जाऊन बसली. तिचा संघ दोन गुणांनी हरला.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. बायकोने मोबाइलवर सामना घेतला होता. तो तुकडा मी सात वेळा पाहिला. अंतर पाऊलभराहून जास्तच होतं, आणि धडक बसायच्या आधीपासून तिचे पाय जागचे हलले नव्हते. मी पाय पाहिलेच नव्हते, पडलेली मुलगी पाहिली. दुसऱ्याची लेक असती तर मी ती शिट्टी वाजवली नसती.

"आठव्यांदा बघून काय वेगळं दिसणार आहे?" बायको म्हणाली. "तिला सांगा."

संध्याकाळी सरावाला दोन्ही संघ होते. मी सगळ्यांना थांबवून सांगितलं, स्क्रीन बरोबर होती, चूक माझी.

"काका, मग दोन पॉइंट परत द्या," एक मुलगी म्हणाली.

"ते आता माझ्या हातात नाही."

"मग भेळ चालेल."

सगळ्या हसल्या. माझी मुलगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिली.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "बाबा, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? मला घरी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"फाउल सगळ्यांसमोर दिला होता ना."

सिग्नल सुटल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.