तिजानी पोस्टमनच्या पोटातली गाठ

माझे दाजी तिजानी स्फाक्स शहरासमोरच्या केर्केना बेटावर सव्वीस वर्षं पोस्टमन होते. पंचेचाळिशी उलटल्यावर जेवण झालं की त्यांचा चेहरा आणि मान एकदम लालबुंद व्हायला लागली. दोन-तीन मिनिटांत लाली उतरायची, मग पोटात कळ यायची आणि जुलाब. पत्रं वाटताना कुणाच्याही दारात थांबून संडास मागावा लागे. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात लोक कुजबुजायचे की पोस्टमन सकाळपासूनच ढोसतो. दाजींनी तिथं जाणं सोडलं.

डॉक्टर सहा झाले. कुणी आतडं नाजूक आहे म्हणालं, कुणी नसांचा त्रास. प्रत्येक वेळी बोटीनं स्फाक्सला यायचं, माझ्या घरी मुक्काम करायचा आणि झोपेच्या गोळ्या घेऊन परत जायचं. एकानं तोंडातून दुर्बीण घातली, दुसऱ्यानं खालून. आतड्याच्या मधल्या पंधरा-वीस फुटांत दोन्ही दुर्बिणी पोचत नाहीत आणि तिथं काय चाललंय हे कुणी बघितलं नाही. अशी सहा वर्षं गेली.

सातवी डॉक्टर इब्तिसेम लुआती, वयानं लहान. दाजी तिच्यासमोर आधीच्या सगळ्यांना शिव्या घालत होते आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा लाल झाला. ती लिहायची थांबली.

"हे असं कधीपासून होतंय?"

"तुमच्या त्या फायलीत असेल की. सहा वर्षं सांगतोय."

फायलीत नव्हतं. तिनं चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली, त्याआधी तीन दिवस टोमॅटो, केळी, अक्रोड बंद. टोमॅटोशिवाय काय शिजवू, म्हणून ताई रडकुंडीला आली. रव्याच्या नुसत्या कुसकुसवर तीन दिवस काढून दाजी लघवीची कॅन घेऊन बंदरावर आले, तर वाऱ्यामुळं बोट बंद. दुसऱ्या दिवशी लॅबनं नमुना शिळा म्हणून नाकारला. दाजींनी कॅन गटारात ओतली आणि पुन्हा तीन दिवस माझ्या घरी कुसकुस खात बसले.

मग निदान झालं. लहान आतड्याच्या शेवटी हळू वाढणारी दुर्मीळ गाठ, तिच्यातून रक्तात काहीतरी सुटतं आणि चेहरा लाल होतो. यकृतावरही दोन ठिपके होते.

"सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर?" दाजींनी विचारलं.

डॉक्टरनं नजर चुकवली नाही. "कदाचित यकृतापर्यंत गेली नसती, तिजानीसाहेब."

ऑपरेशन ठरलं. भूल देण्याआधी एक इंजेक्शन द्यावंच लागतं, नाहीतर गाठीतलं ते द्रव्य एकदम सुटून रक्तदाब कोसळतो. इस्पितळात ते नव्हतं, म्हणून ऑपरेशन दोनदा रद्द झालं. दुसऱ्यांदा तर दाजी उपाशी, पोटावरचे केस काढून स्ट्रेचरवर झोपले होते. ते उठले आणि इस्पितळाच्या कपड्यांतच फाटकापर्यंत चालत गेले. मी त्यांना धरून आणलं.

तिसऱ्यांदा झालं. सर्जननं सगळं आतडं बोटांनी इंच इंच चाचपलं. स्कॅनमध्ये एक गाठ दिसली होती, हाताला चार लागल्या. दोन फूट आतडं आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढून टोकं जोडली. यकृतावरचा एक ठिपका निघाला, दुसरा खोल होता तो राहिला.

आता दाजी जेवतात, दारोदार संडास मागत नाहीत. मात्र त्या राहिलेल्या ठिपक्यासाठी दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, जन्मभर. त्यांनी सहाही डॉक्टरांना रजिस्टर पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही.

गेल्या महिन्यात इंजेक्शन औषधांच्या तीन दुकानांत मिळालं नाही. दाजी तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर बसले. मी म्हणालो, जिवंत आहात, देवाचे आभार माना.

"ते मानतोच रे," ते म्हणाले. "पण चिडायचं कुणावर, ते सांग ना."

मी त्यांना उठवून गाडीत बसवलं. चौथं दुकान महारेसला होतं, गाडीनं अर्धा तास. तिथं मिळालं.