कूलरसमोरचा पियानो

उर्वशी राठोड पियानो वाजवून वाजवून थकली होती, पण हे तिनं अजून कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, देशभर कार्यक्रम, पेपरात फोटो, आणि थकले म्हणायची चोरी! ज्या घरातल्या बायका दिवसभर उन्हात कापूस वेचून आल्या की चुलीपुढे बसतात, त्या घरच्या पोरीनं बसून बोटं हलवायची आणि वर थकले म्हणायचं, ते कोणत्या तोंडानं?

घर तिचं फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर. बाप भावसिंग यवतमाळात एका चर्चचा चौकीदार झाला आणि शाळेसाठी म्हणून पोरीला सोबत घेऊन गेला. आई चंदाबाई शेत आणि धाकट्या संजयला सांभाळत तांड्यावरच राहिली. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या दीपाबाईंना ही पोर रोज दारात उभी दिसायची. एक दिवस त्या म्हणाल्या, "पाय धुऊन आत ये." अकरा वर्षांची पोर आत गेली ती गेलीच. पुढं मुंबई, मग शिष्यवृत्तीवर दोन वर्षं युरोप, आणि मग ही हॉटेलं, ही विमानतळं, हे अर्धे रिकामे हॉल. घरी आली की तीच तान शंभर वेळा. चूक झाली की वहीत खूण करायची. छत्तीस वर्षांच्या खुणा, अहो! अलीकडे उजव्या हाताची अनामिका सांगितलेलं ऐकेनाशी झाली होती.

आणि एवढ्या वर्षांत याडीनं, म्हणजे आईनं, तिचं वाजवणं एकदाही ऐकलेलं नव्हतं. सनईवाला सनई घेऊन घरी येतो, पेटीवाला पेटी काखेत मारतो. हे धूड तांड्यावर न्यायचं कसं? आणि याडीनं मुंबईला जायचं तर आधी पैसे नव्हते, मग म्हशी होत्या, मग गुडघे गेले. तेव्हा उर्वशीनं मनाशी ठरवलं की एक कार्यक्रम यवतमाळात करायचा, याडीला पहिल्या रांगेत बसवायचं, एकदा धड वाजवून दाखवायचं आणि मग पियानोचं झाकण लावायचं. कायमचं.

एप्रिल महिना, चव्वेचाळीस डिग्री. पियानो भाड्यानं नागपूरहून टेम्पोत आला. सोबतच्या माणसानं सूर लावून दिले आणि तो परत गेला. दुसऱ्या दिवशी चार वाजता उर्वशी हात फिरवून बघायला सभागृहात आली. मधली एक पट्टी दाबली ती खालीच राहिली. दुसरी दाबली, तीही. एकूण पाच पट्ट्या मेल्या होत्या, तेही ऐन मधल्या. लाकडाला हात लावला तर ओलसर. मागं वळून बघते तर एक भला मोठा कूलर पियानोकडे तोंड करून घोंघावतोय, टाकी काठोकाठ भरलेली.

"हा इथं कोणी लावला?" ती कडाडली. "काडीची अक्कल आहे का कुणाला?"

संजय खाली बघत म्हणाला, "याडीनं लावला, ताई. घरचा कूलर आहे आपला, जीपवर बांधून आनला. काल पियानो उतरला तवापासून चालू आहे. म्हने, पोरगी घामाघूम होईन. बादल्या भरू भरू पानी टाकून राह्यली. मले बंद करू देत नाही."

पहिल्या रांगेत चंदाबाई आपली फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, सावरून बसली होती. शेजारी रिकामी बादली. "थंड झालं ना वं, छोरी?" तिनं विचारलं.

उर्वशीचा सगळा राग जागीच जिरला. आता कुणावर ओरडायचं? "झालं, याडी. छान केलंस," ती म्हणाली, आणि आवाज होतो एवढं सांगून तिनं कूलर बंद केला.

नागपूरला त्या सूर लावणाऱ्या माणसाला फोन केला. लाकूड फुगलंय, दोन दिवस वाळू द्या, म्हणाला. संजय म्हणाला, "पुढं ढकलू ना मंग." पण याडीचे गुडघे पुन्हा एवढा प्रवास करणार नव्हते, आणि खरं तर उर्वशीतही पुन्हा सगळा घाट घालायची ताकद उरली नव्हती. सात वाजता ती वाजवायला बसली. त्या पाच पट्ट्या टाळता येईनात. हात सवयीनं तिथं जायचाच, मग बोट नुसतं टेकवायचं, तेवढी जागा मुकी सोडायची आणि पुढं जायचं. प्रत्येक मुकी जागा तिला टोचत होती. एकदाच वाजवायचं होतं आईसाठी, आणि तेही असं भोकाभोकांचं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला रडू येत होतं.

लोक पांगल्यावर चंदाबाई संजयचा हात धरून स्टेजवर आली. तिनं लेकीचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे करून बोटं तपासली.

"मंधामंधात बोट नुसतं ठेवत होती तू," ती म्हणाली. "आवाजच नव्हता. मी तुह्या हाताकडंच पाहून राह्यली होती. वेचणीच्या शेवटाले माह्यं असंच व्हये. बोट बोंडावर जाये, पन कापूस निघे नाही. थकली का वं?"

संजयनं कूलरचं सांगायला तोंड उघडलं. उर्वशीनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

"हो, याडी," ती म्हणाली. "थकले. फार थकले गं." आणि भर स्टेजवर, आईच्या खांद्यावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.

चंदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मंग बस झालं ना. कायले इतकं करते? चाल घरी," ती म्हणाली आणि संजयकडे वळली. "तो कूलर बांध रे जीपवर. तांड्यावर हिच्या खाटेपाशी लावू. झोपू दे पोरीले."