उंच बैठकीवर कोण बसणार

समजा, तुम्हाला एक सार्वजनिक न्हाणीघर आखायचं आहे. जागा साडेआठ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना सहा मजली इमारती अगदी चिकटून, त्यामुळे उजेड फक्त वरून. एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष, मध्ये छताला न टेकणारी भिंत. दाराशी एक उंच बैठक, तिथून दोन्हीकडे नजर जाते. मारा रेघ.

टोकियोच्या एका गल्लीतल्या वडिलांच्या जुन्या न्हाणीघरासाठी चिनात्सु कुरामोचीने असे अकरा नकाशे काढले होते. नवं बांधलं नाही तर ते बंद पडणार होतं. बांधलं तर ते चालवायला तीच अडकणार होती. ओसाकातली नोकरी तिची वाट बघत होती. म्हणून अकराव्या नकाशात तिने बैठकच काढून टाकली.

"इथे तिकिटाचं मशीन, बाबा. कुणी बसायलाच नको."

तिचे वडील तोकुझो गुडघा चोळत म्हणाले, "म्हणजे तूही नको."

"असं कुठे म्हटलं मी?"

"तू नाही, नकाशा म्हणतोय."

त्याच दुपारी ते गुडघा दाखवायला गेले आणि नकाशा समोर पसरून बैठकीवर चिनात्सु बसली. चारला नेहमीचे इसोबे आजी-आजोबा आले; पैसे देताना आजींनी नकाशातलं मशीन कशाचं ते विचारून घेतलं. रोज निघताना आजोबा भिंतीवरून हाक मारत, आजी बादली दोनदा वाजवत, मग दोघं एकदमच बाहेर पडत.

"अगं, निघतोय मी."

बादली वाजली नाही.

"सुए, झोपलीस की काय?"

"आजोबा, आज तरी सुटी द्या त्यांना," कुणीतरी हसलं.

चिनात्सुने बैठकीवरून उडी मारली. सुए-आजी नळाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. तिने त्यांना बाहेर आणलं, टॉवेलात गुंडाळलं, सातूचा गार चहा पाजला.

"यांना सांगू नकोस, उद्यापासून येऊ देणार नाहीत," आजी पुटपुटल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या मशीनला पळता येतं का गं?"

बाराव्या नकाशात बैठक परत आली. तिच्यावर माणसाची आकृती काढताना मात्र चिनात्सुची पेन्सिल अडली.

"पगारी माणूस ठेवू या, बाबा."

"परक्यासमोर सुए-आजी कपडे काढतील?"

"मग परकं माणूस किती वर्षं तिथे बसलं म्हणजे घरचं होतं?"