शंभर पौंडांचे अकरा भिक्खू

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी ऊ टुन यिन काट्यावर उभा असतो. विमान यायला अजून तास-सव्वा तास असतो, प्रवासी आलेले नसतात, म्हणून दिवसाचं पहिलं वजन स्वतःचं. एकशे अठरा पौंड. दांडी एकशे अठरावर सरळ राहिली तर काटा बरोबर. खाली-वर झाली तर एक तर काट्याला तेल हवं, नाहीतर आदल्या दिवशी मेहुण्याकडे जेवण झालेलं असतं.

थायेतपिनच्या धावपट्टीवर तो १९४९ पासून वजन करतो. दहा वर्षांत त्याचं स्वतःचं वजन हललेलं नाही. त्याची बायको, दॉ म्या ची, शेजारणींना सांगते, "नवरा म्हणून आणला होता, निघाला वजनाचा दगड. मी कितीही वाढलं तरी याच्या अंगाला काही लागत नाही."

काटा भातगिरणीतून आणलेला आहे. फळी पोत्याच्या मापाची, त्यामुळे माणूस ऐसपैस उभा राहतो. वजन करायचं कारण विमान. ते युद्धात सैनिक वाहायला बांधलेलं, युद्ध संपल्यावर विकून टाकलेलं दोन पंख्यांचं डकोटा. पोटाखाली इतकी ठिगळं आहेत की मूळ पत्रा कुठला, हे विमान कंपनीचा मिस्त्रीही सांगत नाही. अशी विमानं दर वर्षी कुठे ना कुठे पडायची. एखादं ढगात डोंगराला लागायचं, एखाद्याचं इंजिन बंद पडायचं. रंगूनच्या वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या. चहाच्या दुकानात त्या मोठ्याने वाचल्या जायच्या, आणि ऐकून झालं की लोक तिकीट काढायला उठायचे. रस्त्याने गेलं तर तीन दिवस लागायचे, आणि वाटेत बंडखोर असायचे ते वेगळे.

प्रवाशांनी ऊ टुन यिनला फसवायचे सगळे प्रकार करून पाहिलेले आहेत. सामानाच्या वजनाचे पैसे वेगळे पडतात, म्हणून एकावर एक चार लुंग्या नेसून लोक येतात. एका कापडवाल्याने अंगाला सहा वार मखमल गुंडाळली होती. आंबवलेल्या मासळीचा डबा पोटाशी बांधून आलेली बाई तर वजनाच्याही आधी वासाने सापडली. तो कुणावर ओरडत नाही. आकडा लिहितो, आणि बायकांचा आकडा कधी मोठ्याने बोलत नाही. सराफाची बायको दॉ सेन पु दर वेळी विचारते, "किती?" तो दर वेळी म्हणतो, "मागच्या इतकंच." मागच्या वेळी किती होतं, हे दोघांपैकी कुणीच काढत नाही.

असा हा काटेकोर माणूस आठ वर्षं रोज एक चूक करत होता, आणि ती त्याच्यासकट साऱ्या गावाला चूक वाटत नव्हती. तो भिक्खूंचं वजन करत नव्हता.

ज्या फळीवर भाताची पोती, कोंबड्यांचे खुराडे आणि मखमलवाले उभे राहतात तिच्यावर भन्ते उभे राहा, असं म्हणायचं कोणी? त्यामुळे प्रत्येक भिक्खूपुढे तो शंभर पौंड लिहायचा. आकडा मनाचा होता, पण त्याला विचार होता: भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. त्यांचं सामान म्हणजे भिक्षापात्र, चीवर आणि पंखा. त्यापुढे तो शून्य लिहायचा.

१९५७ च्या नोव्हेंबरात रंगूनच्या एका विहारातल्या समारंभाला थायेतपिनच्या अकरा भिक्खूंना आमंत्रण आलं. तिकिटं एका लाकडाच्या व्यापाऱ्याने काढून दिली. पुढे होते गावच्या विहाराचे मुख्य भिक्खू, सगळे ज्यांना सयाडॉ म्हणतात ते ऊ कोविदा. सयाडॉंचा देह प्रशस्त आहे. ते भिक्षेला निघाले की अर्धी गल्ली दारात उभी असते आणि ते कुणालाच नाराज करत नाहीत. शिवाय रंगूनला आपल्या गावची शोभा व्हायला नको म्हणून प्रत्येक घराने दान पाठवलं होतं. ते सारं दान भिक्खूंचं सामान म्हणून विमानात चढलं. ऊ टुन यिनने लिहिलं: अकरा भिक्खू, अकराशे पौंड. सामान शून्य.

आठ वाजून पाच मिनिटांनी विमान उडालं, आणि धावपट्टी संपते न संपते तोच उजवं इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. अशा वेळी डाव्या इंजिनावर उंची धरून, फेरी मारून परत उतरता येतं. हे विमान उंची धरेना. कॅप्टन सॉ बेन्सनने चाकं आत ठेवूनच ते कापणीला आलेल्या भातात पोटावर टेकवलं. ते दोनशे यार्ड घसरत गेलं, पंखे वाकले आणि एक बांध फुटला. कॅप्टनचं डावं मनगट मोडलं. बाकी बावीसच्या बावीस माणसं चालत बाहेर आली. सयाडॉंच्या भिक्षापात्राला पोचा पडला.

दुपारपर्यंत गावाचा निकाल झाला होता: विमानात अकरा भिक्खू होते म्हणून सगळे वाचले. चहाच्या दुकानात हे ऐकत बसलेल्या ऊ टुन यिनचा चहा निवला. भातात खोल गेलेली चाकोरी त्याने पाहिली होती. पोत्यांनी रुतलेल्या बैलगाड्या त्याने जन्मभर पाहिल्या होत्या. विमानात अकरा भिक्खू होते म्हणूनच ते पडलं, असं त्याला वाटत होतं, आणि हे बोलायला गावात जागा नव्हती.

पाचव्या दिवशी रंगूनहून तपासनीस आला. ऊ सान बो नावाचा, नवा चष्मा लावलेला, नेमस्त माणूस. इंजिन उघडून पाहिलं, धावपट्टी मोजली, मग यादी मागितली.

"अकरा भिक्खू," तो म्हणाला, "आणि अकराही शंभर पौंडांचे?"

"साहेब, तशी पद्धत आहे."

"कुणाची?"

"माझी."

ऊ सान बोने चष्मा पुसला. "हे पाहा, यादीतलं वजन खरं धरलं तर एका इंजिनावर विमान वर राहायलाच हवं होतं. राहिलं नाही, म्हणजे चालवणाऱ्याचा हात चुकला. मला तसंच लिहावं लागेल, आणि कॅप्टनचा परवाना जाईल."

"आणि वजन खोटं असेल तर?"

"तर तुमचं लिहावं लागेल."

"मग साहेब, आपणच सयाडॉंना वजन विचारावं."

"मी?" तपासनीस म्हणाला. "माझी आई जिवंत आहे हो. तिच्या कानावर गेलं तर?"

ऊ टुन यिन तिथून इस्पितळात गेला. कॅप्टन मनगटाला प्लास्टर घालून खाटेवर बसला होता. तो कारेन जमातीचा, धर्माने ख्रिस्ती. त्याला या सगळ्याची गंमत वाटायची, पण त्या दिवशी जरा कमी वाटत होती.

"काका, मी सुकाणू छातीशी ओढून विमानाशी झगडलो," तो म्हणाला. "नाक वर येईना. आत किती माल होता?"

"कागदावर की खरा?"

"बघा, आता विचारताय. अहो, आमच्या चर्चमधले पाद्री येतात तेव्हा त्यांना बरं काट्यावर चढवता. मागे तर बूटसुद्धा काढायला लावलेत."

"बूट जड होते."

"आणि तुमचे सयाडॉ पिसासारखे." कॅप्टनने दुसऱ्या हाताने चहाचा पेला उचलला. "मला दुसरं काही येत नाही, काका. जमिनीवर मी निरुपयोगी माणूस आहे. बायकोला विचारा."

घरी दॉ म्या चीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर तो जातो, आणि बोललात तर तुम्ही."

"हो."

"आणि बोलायचं तर सयाडॉंना पोत्याच्या फळीवर उभं करायचं."

"तीच तर अडचण आहे."

"उभं कशाला करता?" ती म्हणाली. "भन्ते घरी आले की आपण काय करतो? उंच आसन देतो. द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनाच्या खोलीत काट्याच्या फळीवर सागवानी खुर्ची ठेवली होती. तिच्यावर लाल सतरंजी, आणि सतरंजीचे काठ फळी झाकेपर्यंत सोडलेले. फक्त दांडी बाहेर राहिली होती. तिच्यापुढे फुलदाणी होती. ऊ टुन यिन चटईवर गुडघे टेकून बसला. तपासनीस त्याच्या मागे, जमेल तेवढा मागे. विमान पडल्याबद्दल क्षमा मागायची आहे, असं सांगून सयाडॉंना आणि दहा भिक्खूंना बोलावलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

सयाडॉ आसनावर बसले. फुलदाणीमागे दांडी टक्कन वर आदळली.

ऊ टुन यिनने तीन वेळा वंदन केलं आणि तिसऱ्या वेळी, डोकं खालीच ठेवून, हळूच वजन सरकवायला हात लांब केला.

"दोनशेच्या खाचेत टाक," वरून आवाज आला. "आता चाळीस. पुढे. अजून. थांब." दांडी सरळ झाली. "दोनशे सत्तेचाळीस आलं का?"

"आलं, भन्ते."

"चीवर घ्यायच्या आधी मी खाली डेल्टात भातगिरणीच्या काट्यावर होतो. अकरा वर्षं. दांडीचा आवाज माणूस विसरत नाही." सयाडॉंनी सतरंजीचा काठ बोटाने उचलून पाहिला. "खुर्ची तोललीस का आधी?"

"सतरंजीसकट एकोणीस पौंड, भन्ते."

"मग दोनशे अठ्ठावीस लिही. उपासका, आम्हाला वजन नाही असं तू आठ वर्षं लिहीत होतास, ते कशाच्या आधारावर?"

"आदरापोटी, भन्ते."

"गिरणीत आदरापोटी वजन सोडणाऱ्याला मालक घरी पाठवायचा," सयाडॉ म्हणाले आणि उठून बाकीच्या दहांना एकेक करून खुर्चीवर बसवू लागले. सगळ्यात हडकुळे भिक्खू एकशे चार भरले. शंभराचा एकही निघाला नाही. बेरीज झाली सोळाशे पन्नास.

सामानाचा हिशेब त्याहून सोपा निघाला. दान दिलं की देणाऱ्याचं नाव आणि वस्तू मोठ्याने वाचून दाखवायची असते, त्यामुळे सगळी यादी विहारात होतीच: आटवलेल्या दुधाचे डबे, तिळाचं तेल, घोंगड्या, भिंतीवरची पाच घड्याळं. एकूण चारशे नव्वद पौंड. माणसांचे साडेपाचशे त्यात मिळवले तर कागदावर नसलेला भार एक हजार चाळीस झाला. तो आकडा ऊ टुन यिनने स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. ऊ सान बोने ती सही वाळेपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

कॅप्टनचा परवाना राहिला. ऊ टुन यिन तोवर धावपट्टीवरचा हेडक्लार्क होता; तो हुद्दा गेला. टेबल, घंटा आणि खोलीची किल्ली रंगूनहून आलेल्या एका तरुण गृहस्थाकडे गेली, आणि याच्याकडे फक्त काटा राहिला. दॉ म्या ची म्हणाली, "बरं झालं. घंटा वाजवून तरी कोण येत होतं." कंपनीचं पत्र आलं की यापुढे सर्व व्यक्तींचं वजन व्हावं. 'सर्व व्यक्ती' कोण, हे पत्रात फोड करून लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याचीही आई जिवंत असावी.

गाव अजून मानतं की भिक्खूंमुळे सगळे वाचले. ऊ टुन यिन वाद घालत नाही. सागवानी खुर्ची तेव्हापासून काट्याशेजारी भिंतीला लावलेली असते. सतरंजी घडी घालून तिच्यावर ठेवलेली असते आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. दॉ सेन पुने एकदा बसून पाहिलं, "उभं राहून पाय दुखतात" म्हणून. तिला उठवण्यात आलं.

उद्या बुधवार. विमान सात चाळीसला उतरेल, चालवणारा कॅप्टन सॉ बेन्सन. यादीत बावीस प्रवासी आहेत, त्यांतले दोन भिक्खू. त्या दोन आकड्यांतून एकोणीस-एकोणीस पौंड वजा होतील.