खालच्या वर्गांचा रिपोर्ट

"आठव. काहीतरी केलंच असशीन."

आमच्या मास्तरांची ओळख अशी व्हायची. वर्गात, व्हरांड्यात, पाण्याच्या रांजणाशी, कुठंही ते पोराला गाठायचे, कानामागची पेन्सिल काढून जिभेला लावायचे आणि काखेतली लांबलचक वही उघडून उभे राहायचे. पोरगं घाबरून आपली एखादी खोडी कबूल करून टाकायचं. मास्तरांना तीही चालायची. "हे झालं. आनखी?"

तुम्ही पुष्कळ मास्तर पाहिले असतील. छडीचे पाहिले असतील, तपकिरीचे पाहिले असतील. पण पोरांची कामगिरी शोधत गावभर हिंडणारा मास्तर वऱ्हाडात एकच झाला, आणि तो आमच्या वाट्याला आला.

आमचं गाव तालुक्याचं. अकोल्याहून दिवसातून एकदा मोटर यायची, तीही तिच्या मनात आलं तर. हायस्कूल मात्र होतं, पाचवी ते मॅट्रिक. गॅदरिंगला हेडमास्तर इंग्रजीतून वर्षाचा रिपोर्ट वाचायचे. त्यात वरच्या तीन वर्गांचं क्रिकेट, त्यांची भाषणं, त्यांचे निकाल यांना चार पानं असायची. पाचवी ते आठवीच्या आम्हा दीडशे पोट्ट्यांना सगळ्यात शेवटी एक वाक्य: खालचे वर्गही ठीक आहेत. जसं काही गोठ्यातल्या म्हशींबद्दल विचारलं होतं.

मास्तर खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचे. एका वर्षी ते हेडमास्तरांना म्हणाले, "खालचा रिपोर्ट मी वाचतो." हेडमास्तरांनी पाच मिनिटं दिली. मास्तर उभे राहिले तेव्हा मांडवावर लख्ख ऊन होतं. पुड्यांतला चिवडा मऊ पडला, वरच्या वर्गाचं नाटक रद्द झालं, आणि पाचवीतल्या एकाला वाचन चालू असतानाच मिशा फुटल्या, असं आमच्यात अजून सांगतात.

त्यांचा नियम एकच होता. "खोटं लिहाचं नाही. पन बारीकबी लिहाचं नाही."

एक पोरगं विहिरीत पडलं आणि हातपाय मारत वर आलं. रिपोर्टात आलं, 'गुरूविना पोहणे शिकला.' एकाला पावसाळाभर दिवसाआड थंडीताप आला. त्याच्या नावापुढे 'नियमितपणा' लिहिलं होतं, कारण पोरानं एकही पाळी चुकवली नव्हती. एकानं चेंडू मारून हेडमास्तरांच्या खोलीची काच फोडली. ती दीडशे पावलांवरून फोडली होती, हे मास्तरांनी स्वतः पावलं मोजून लिहिलं.

आम्ही हसायचो. वरचे वर्ग तर लोळायचे. पण मास्तर वाचताना आमच्याकडे पाहायचेच नाहीत. ते मांडवाच्या मागच्या बाजूला पाहायचे, जिथं पागोटी बसलेली असायची. आमचे बाप. त्यांना इंग्रजीतलं एक अक्षर कळायचं नाही. आपल्या पोराचं नाव मात्र कळायचं. स्टेजवरून नाव निघालं की त्या पागोट्याखालचा माणूस शेजाऱ्याला कोपर मारायचा, "मायावालं होय."

कापूस वेचायला दिवाळीत शाळेतून गेलेलं पोरगं फार वेळा परत येत नसे. पण ज्याचं नाव भर मांडवात निघालं, त्याला बाप आणखी एक वर्ष शाळेतून काढत नाही, हे मास्तरांनी बाकांकडे पाहून पाहून ताडलं होतं. म्हणून दीडशे पोरं आणि दीडशे नावं. एक जरी सुटलं तरी एक बाक रिकामा.

मी सातवीत होतो तेव्हा सुटायची पाळी माझी होती.

आमचा नदीकाठी मळा. वांगी, मेथी, पेरू. बाबा भाजी घेऊन बाजाराला जायचे, कधी बाळापूरला. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "औंदा तुयं नाव निंगालं त ठीक. नाई त मयात ये. वांगे काई इंग्रजीत उगत नाईत."

आणि मी खरोखर काही केलं नव्हतं. खोडीसुद्धा नाही. विहिरीतही पडलो नव्हतो.

"आठव," मास्तर म्हणाले.

"काईच नाई जी."

"अबे, असं कसं? साऱ्या वर्साचं काईच नाई?"

त्यांनी मला उंच उडी मारायला लावली. मी दोरी, दोन्ही खांब आणि दोरी धरून उभा असलेला शिपाई, असं सगळं सोबत घेऊन पडलो. गायला लावलं, तर शाळेमागच्या कुंभाराचं गाढव दावं तोडून पळालं. ते चार गावं ओलांडून पार तेल्हाऱ्याकडे सापडलं, असं कुंभार सांगायचा.

तशात अमरावतीहून पत्र आलं. यंदा गॅदरिंगला इन्स्पेक्टर साहेब अध्यक्ष. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून बजावलं, "साहेब रिपोर्टातलं काहीही करून दाखवा म्हणतील. एक ओळ जरी पोकळ निघाली, तरी तुमचं वाचन कायमचं बंद."

मास्तरांचा कान त्या आठवड्यात पेन्सिलीशिवाय दिसला, पेन्सिल सारखी दातांत. वही दीडशेव्या नावाशी अडली होती.

मग बाजाराच्या दिवशी ते वांगी घ्यायला आमच्या दुकानाशी आले. मी वांगी उचलून पारड्यात टाकत होतो. एक बाई घासाघीस करत होती. मी सवयीनं म्हणालो, "मावशी, शेराले एक छटाक कमी हाय, थांब, लहानवालं एक टाकतो." तेव्हा वांगी अजून माझ्या हातातच होती. पारड्यात पडली, लहानवालं पडलं, आणि काटा सरळ उभा राहिला.

मास्तर उभ्या जागी थिजले. "परत कर."

मी परत केलं. भेंडी, कांदे, गवार. मास्तरांनी त्या बाजारात आणि पुढच्या दोन बाजारांत मला इतकं तोलायला लावलं, आणि तोललेलं सगळं भिडेखातर विकत नेलं, की मास्तरीणबाईंनी अकरा दिवस वांगी रांधली आणि बाराव्या दिवशी माहेरी निघून गेल्या. पण वहीत ओळ पडली: 'हाताने वजन ओळखतो. तराजूशिवाय.'

गॅदरिंगच्या दिवशी साहेब आले. पुण्याकडचे, चष्मा, गोरे, बोलणं मऊ. मास्तर वाचत गेले, साहेब ऐकत गेले. विहीर झाली, ताप झाला. साहेबांची मिशी दोन वेळा हलली, पण हात वर झाला नाही. माझं नाव आलं आणि हात वर झाला.

"हे मला पाहायचं आहे," साहेब म्हणाले. "कुठे आहे तो मुलगा?"

मला स्टेजवर ढकललं. साहेबांनी आपली हॅट माझ्या हातात दिली.

"पाव शेर अन् वरतून एक छटाक," मी म्हणालो.

तराजू हवा होता. मांडवाच्या मागून बाबा उठले. ते बाजारातून थेट आले होते, तराजू खांद्यावरच होता. स्टेजवर येऊन त्यांनी तो धरला, आणि वऱ्हाडात प्रथमच साहेबाची हॅट भाजीच्या पारड्यात बसली. पाव शेर, वर छटाक. मग हेडमास्तरांची डिक्शनरी झाली. मग वरच्या वर्गांची क्रिकेटची ढाल झाली. ती मी इतकी हलकी सांगितली की ती चांदीची नाही हे सगळ्या गावाला तिथंच कळलं. शेवटी साहेबांनी गळ्यातला, पाणी शिंपडलेला हार काढून दिला.

मी बोलणार, तोच बाबा म्हणाले, "साहेब, पान्यासगट सांगाचं का पानी झटकून?"

मांडव हसला. साहेब हसले. काटा उभा राहिला आणि साहेबांनी बाबांचा हात धरला. "तुमचा मुलगा हुशार आहे हो. शाळेनं चांगलं तयार केलंय."

तिथं गाडी अडली.

"शायेनं?" बाबा म्हणाले. "साहेब, हे त म्या शिकवलं. चार वर्साचा होता तवापासून. शायेनं याले काय शिकवलं मंग? हेच येते त मयातच बरा. उद्यापासून नाई येत तो."

हेडमास्तर मास्तरांकडे पाहत राहिले. मी माझ्या पायांकडे. मास्तरांनी शांतपणे पेन्सिल जिभेला लावली.

"पुरं नाव सांगा तुमचं. बापाच्या नावासगट."

"कायले?"

"पोराले शिकवलं तुमी. म्हंजे या शायेचे मास्तर झाले. ज्यानं शिकवलं त्याचं नाव रिपोर्टात लिहा लागते."

बाबांनी नाव सांगितलं. मास्तरांनी लिहिलं, आणि पान न उलटता म्हणाले, "अन् मास्तरले आपलंच पोरगं शायेतून काढता येत नाई. पाटलाले आपल्या गावची शीव मोडता येते का?"

बाबांनी साहेबांकडे पाहिलं. "असा कायदा हाय का जी?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी तरी तो मोडलेला पाहिला नाही," ते म्हणाले.

मग मास्तरांनी बाबांचं नाव इंग्रजीतून वाचलं. बाबांचं, आजोबांचं, आडनाव. हे नाव तोवर फक्त त्यांच्या लग्नात भटजीनं घेतलं होतं, तेही चुकीचं. बाबा तराजू धरून उभे होते. नाव वाचून झालं तरी तो खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या पहाटे बाजाराची टोपली भरताना आईनं मला उठवायला हात घातला. बाबा म्हणाले, "राहू दे. मास्तराचं पोरगं हाय, त्याले शाया हाय." आणि टोपली स्वतः उचलली.

मी आठवीत गेलो आणि मास्तरांची बदली झाली, मेळघाटच्या बाजूला. मोटर दुपारची होती. मी दप्तर टाकून निघालो, तर बाबांनी दारातच अडवलं.

"कुठं चालला?"

"मास्तराले पाहाले."

"शाया बुडवून? ते आवडीन का त्याईले? जाय वर्गात. मोटरीवर मी हाव ना."

वर्गात गेलो तर सगळे हजर. पाचवीपासून आठवीपर्यंत एक बाक रिकामा नाही. प्रत्येकाला बापानं दारातून परत पाठवलं होतं, आणि बाप सगळे मोटर स्टँडवर होते.

दुपारी भोंगा वाजला आणि मोटर शाळेसमोरच्या रस्त्यावरून निघाली. आम्ही बाकांवर चढलो. नवे मास्तर ओरडत होते, कोणी ऐकत नव्हतं. टपावर कोबी, वांगी, पेरूच्या टोपल्या, हरभऱ्याच्या पेंढ्या. मोटर एका बाजूला इतकी कलली होती की त्या बाजूची चाकं मातीत नांगरट करत चालली होती. खिडकीत मास्तर होते. कुणाच्या तरी बापानं मांडीवर एवढा मोठा भोपळा दिला होता की त्यांना तो दोन्ही हातांनी कवटाळून बसावं लागलं होतं. हात हलवता येईना. म्हणून भोपळ्यावर हनुवटी टेकून ते आमच्याकडे पाहून नुसती मान हलवत होते, रस्ता वळेपर्यंत.