धुरपतामावशीचं नाक

मुदखेडच्या आमच्या बौद्ध वस्तीत लग्न ठरलं की आधी धुरपतामावशीला विचारतात, तारीख जमती का. कारण येसर. भाजलेली ज्वारी, हरभरा डाळ अन् दगडफूल घातलेला मसाला यांचं ते पीठ. त्याची आमटी पंगतीत नसली तर लोक वर्षभर नावं ठेवतात. मावशी येसर कधी चाखून बघायची नाही. कढईवर नाक धरायची अन् म्हणायची, उतरवा. त्या वेळी कढईजवळ दुसऱ्या कुणी थांबायचं नाही, हा तिचा कायदा.

आम्ही तहसीलपुढं धरणं धरलं, साहेब लोक पंख्याखाली अन् आम्ही उन्हात, तेव्हा हीच बाई आमटीचं पातेलं डोक्यावर घेऊन यायची. भाषणं मी ठोकली, फोटो माझे छापले. धरणं टिकलं ते तिच्या पातेल्यावर. हे मी कुणापुढंही ठासून सांगतो.

कोरोनाच्या तापात तिच्या नाकाचा वास गेला. काही महिन्यांनी परत आला, पण उलटा होऊन. कांदा परतला की गटार, चहा म्हणजे रॉकेल, अन् येसर भाजायला घेतलं की जळके केस. एका बारशाला तिनं नाकाचं ऐकून कढई लवकर उतरवली. येसर कच्चं राहिलं, आमटी पिठाळ झाली, लोकांनी पानात टाकली. त्या दिवशी तिनं कढई पालथी घातली. खाणं दूधभातावर आलं. गल्लीतले काहीजण करणी म्हणाले, लिंबू उतरवायला निघाले. त्यांना मी असं झापलं की परत त्यांनी आमच्या दारातून जाताना मान वर केली नाही.

नांदेडला दवाखान्यात रांगेत भांडून मी तिला आत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई न करता बोलल्या. त्या उपकाराची मला अजून जाण आहे.

"मावशी, नाक नुसता निरोप आणतं. वाचतो मेंदू. तापानं निरोप फाटका झालाय, उरलेलं मेंदू आपल्या मनानं भरून काढतोय. येसर जळत नाही."

रोज लवंग, लिंबू असे ओळखीचे वास आठवण काढत घ्यायचे, अन् घास जात नसेल तर नाक दाबून खायचं, असं त्यांनी सांगितलं. हळूहळू सुधारेल, कधी, ते सांगता येणार नाही.

परत येताना मावशी बसमध्ये म्हणाली, "म्हंजे मी येडी न्हाई, नागसेना."

पुढं माझी भाची लुंबिनी हिचं लग्न निघालं. ती हटून बसली, येसर मावशीचंच, नाहीतर आमटीच नको. मावशी ऐकेना. खोटारड्या नाकाच्या भरवशावर पोरीची पंगत नासवू का, म्हणाली. तेव्हा शेजारची महादेवी मध्ये पडली.

"मग माझं नाक घे. तसंबी ते दिवसभर तुझ्याच घरात खुपसलेलं असतंय."

मावशीनं आपला कायदा मोडला. कढई चुलीवर चढली. मावशी हलवत होती, महादेवी वाकून वास घेत होती. जरा वेळानं मावशीचं तोंड वाकडं झालं.

"जळालं गं."

"न्हाई. हलव."

"महादेवे, केस जळून राहिले." हात कढईच्या कडीकडं गेला.

"धुरपते, हात काढ. हलव."

मावशीनं डोळे मिटले अन् हलवत राहिली. महादेवी लिंगायताची. तिच्या सासूनं आमच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, अन् आज तिच्या सुनेच्या नाकावर आमच्या पोरीची पंगत उभी होती. मला मोठं भाषण सुचलं होतं, पण कढईजवळ बोलायची सोय नव्हती.

"आता," महादेवी म्हणाली. मावशीनं कढई उतरवली.

लग्नात लोकांनी वाट्या पुढं करून करून आमटी मागितली. मावशी अन् महादेवी शेवटच्या पंगतीला बसल्या, वाढायला मी होतो. मावशीनं नाक दाबून पहिला घास घेतला. थांबली. मग बोटं सोडली अन् तोंड वाकडं करत का होईना, गिळला.

"केस अजून जळतच हायेत," ती म्हणाली. "पण खाली कुठंतरी दगडफूल हाय."

तिनं वाटी माझ्यापुढं सरकवली. धरण्यावर ती वाढायची तशीच मी आमटी वाढली, पानात सांडेपर्यंत.