निजल्या निजल्या माळशेज

दुसऱ्याला वैताग आणण्याचे जगात जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते बहुतेक सगळे उभ्याने किंवा बसून करायचे असतात. चांगलं आडवं पडून, पाय पुढे करून शहापूर आणि मुरबाड अशा दोन तालुक्यांना एकाच वेळी वैताग आणणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझ्या कपाळी होतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. चौतीस वर्षं वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर होते आणि चौतीस वर्षं शहापूरहून सायकलने कामावर गेले. निवृत्त झाल्यावर सायकल सुटेल असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ती सुटलीही. निवृत्तीनंतर सहाच महिन्यांत त्यांचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे सायकलच्या सीटवर वाकून बसायचं नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, देवापुढे साखर ठेवली. साडू मात्र पंधरा दिवस गप्प होते. ते गप्प असले की आत काहीतरी शिजत असतं. सोळाव्या दिवशी त्यांनी मला फोन केला. मी मुरबाडकडचा प्राथमिक शिक्षक, म्हणून ते मला नावाने हाक न मारता गुरुजी म्हणतात. "गुरुजी," ते म्हणाले, "मी नीट विचार केला. डॉक्टरांनी मला बसायची बंदी केलीय. आडवं पडायची नाय केली."

त्यानंतरचे दोन महिने त्यांच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमधून कापाकापीचा आणि वेल्डिंगचा आवाज येत होता. दोन जुन्या सायकली, पाण्याचा लोखंडी पाइप आणि तीन चेन जोडून केलेली एक चेन असं सगळं मिळून जे बाहेर आलं, त्याला ते सायकल म्हणत होते. माणूस त्यात आरामखुर्चीत रेलावं तसा रेलतो, पॅडल पुढे छातीच्या उंचीवर, हँडल मांड्यांच्या बाजूला, आणि रस्ता बुडाखाली जेमतेम हातभर. मोबाइलवर परदेशातल्या कोणाचा तरी व्हिडिओ पाहून त्यांनी ती बनवली होती. परदेशातल्या माणसाने मात्र सीटसाठी काही वेगळं वापरलं असणार. साडूंनी त्यांच्या लग्नात आमच्या सासऱ्यांनी दिलेल्या खाटेची नवार उसवून ती सीटला विणली. ताईंना हे कळलं तेव्हा सीट विणून झाली होती आणि खाटेचा सांगाडा भिंतीला टेकवलेला होता. ताई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवऱ्याला जेवायला वाढायच्या, पण पाणी मागितलं तर भिंतीकडे बघून द्यायच्या.

गावात त्या वाहनाला खाट हेच नाव पडलं. साडूंना ते पसंत नव्हतं. कोणी खाट म्हटलं की ते थांबून वाऱ्याच्या विरोधाबद्दल सांगायला लागत. वारा हा त्यांचा जुना विषय. साधी सायकल चालवणारा माणूस म्हणजे वाऱ्यात उभं केलेलं कपाट, आणि आडवा माणूस म्हणजे पाण्यातला मासा, हे त्यांनी मला निदान चाळीस वेळा ऐकवलं असेल. त्यांना मध्ये थांबवायची सोय नाही, आणि आपण काही बोलू लागलो तर दुसऱ्या शब्दाला ते आपल्याला तोडतात. एकदा मी नुसतं "पण चढाला" एवढंच म्हणालो, तर पुढचा पाऊण तास मी तोंड उघडू शकलो नाही. त्यातून कळलं ते इतकंच, की चढाला ही सायकल गोगलगायीसारखी चालते, कारण पॅडलवर उभं राहून जोर देता येत नाही. आणि हा दोष सायकलीचा नसून चढाचा आहे.

बरं, सायकल केली तर केली, सकाळी चक्कर मारावी आणि शेडमध्ये ठेवावी. पण ते लग्नाला, बारशाला, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे तिच्यावरूनच जायला लागले. गाडीवाल्यांना दिसावं म्हणून मागे बांबूची काठी आणि तिच्यावर भगभगीत केशरी फडकं. त्यामुळे कुंपणापलीकडून आधी नुसतं फडकं येताना दिसायचं. किन्हवलीकडे आमच्या एका लांबच्या मामांच्या दहाव्याला सगळे अंगणात बसले होते. रडणं वगैरे आटोपून चहाची वेळ झाली होती. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतले साडू, उताणे, पाय पुढे, असे फाटकातून संथपणे आत आले. ओट्यावरच्या म्हाताऱ्या आत्याला कमी दिसतं. तिने कपाळावर हात मारून असा काही गळा काढला, की चहा तासभर लांबला. साडूंनी तिची समजूत काढली, म्हणजे तिला वाऱ्याचा विरोध समजावून सांगितला.

म्हसा गावच्या यात्रेचं तर विचारूच नका. मी मुलांना घेऊन गेलो होतो आणि बैलबाजारात गर्दीचा एक गोल दिसला. मनात म्हटलं, नको, तिकडे जायला नको. गेलो. मध्ये साडू आडवे, भोवती पन्नास-साठ माणसं, आणि जवळचे दोन बैल दावणीला हिसके देत होते, कारण आपल्या खुरांच्या उंचीवरून माणसाने आपल्याकडे बघावं हे त्यांनी कधी अनुभवलेलं नव्हतं. एका दलालाने, बैलाचा पाय उचलून बघावा तसं, एक पॅडल उचललं आणि दातांवरून बैलाचं वय काढायच्या थाटात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय पाव्हणं, किती दाती?" लोक हसले. साडूंनी चेहरा हलू न देता सांगितलं, "पुढं अठ्ठेचाळीस, मागं अठ्ठावीस." चाकांच्या दात्यांचा हिशोब ते अगदी मनापासून देत होते. दलालाने पॅडल खाली ठेवलं आणि हात जोडले. गर्दीत कोणीतरी मला ओळखलं, आणि मुरबाडात मी आठवडाभर अठ्ठेचाळीस दातीवाल्याचा साडूभाऊ म्हणून गाजलो.

असं चाललं असताना शहरातल्या एका सायकल मंडळाने शहापूरहून दोनशे किलोमीटरची सफर जाहीर केली. सकाळी सहाला निघायचं, मुरबाड, तिथून म्हशाला जाऊन परत, मग पायथ्याच्या वैशाखऱ्यावरून माळशेज घाट चढून माथ्याला वळसा, आणि आल्या वाटेने शहापूरला. साडेतेरा तासांत, म्हणजे संध्याकाळी साडेसातच्या आत. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, वाटेत कोणाची मदत घ्यायची नाही. साडूंनी नाव दिलं. मंडळाच्या मुलांनी सायकलीचा फोटो मागवला आणि दोन दिवस त्यांचं उत्तरच आलं नाही. साडूंनी त्यांचीच नियमावली त्यांना वाचून दाखवली. माणसाच्या ताकदीवर चालणारं कुठलंही वाहन चालेल, असं त्यात लिहिलेलं होतं. बसून चालवावं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

घरात मात्र ताईंनी ठाम भूमिका घेतली. त्या मोजकं बोलतात. मला साक्षीला बोलावून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "येळेत आलात, तर ती खाट अंगणात ऱ्हाईल. नाय आलात, तर भंगारवाला घेऊन जाईल. भावजी, तुमी ऐकलंत." साडू हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की मला संशय यायला हवा होता.

आणि माझा यात काय संबंध, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. तर वैशाखऱ्याच्या ठाण्यावर शिक्के मारायला मंडळाला स्थानिक माणूस हवा होता, आणि साडूंनी परस्पर माझं नाव देऊन टाकलं होतं. शिक्षक आहेत, शिक्का सरळ मारतील, अशी शिफारस. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी, जेव्हा सगळे शिक्षक घरी पांघरूण घेऊन पडलेले असतात, तेव्हा मी वैशाखऱ्याला एका चहाच्या टपरीपुढे टेबल मांडून बसलो होतो. सोबत मंडळाची एक तरुण मुलगी होती, यादी घेऊन. अंगाला घट्ट कपडे घातलेले, काळे चश्मे लावलेले सायकलवाले येत होते, शिक्के घेऊन घाटाकडे जात होते. ताईंचा दर तासाला फोन. "आले का?" एवढंच. मी नाही म्हटलं की फोन बंद.

सगळ्यांच्या शेवटी, बाराच्या सुमारास, केशरी फडकं दिसलं. साडू घामाने निथळत होते, पण आनंदात होते. टोकावड्याच्या अलीकडे एका कुत्र्याने त्यांना तोंडासमोर तोंड आणून वास घेतला होता, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मी म्हणत होतो, निघा, वेळ जातोय. ते म्हणाले, "घाबरू नका गुरुजी, उतारावर मी मासा." आणि गेले. वर जाऊन यायला त्यांना अडीच-पावणेतीन तास लागतील असा माझा अंदाज होता. अडीच वाजले, पावणेतीन झाले. उतरणारे सगळे उतरले, शेवटचा सायकलवालाही शिक्का घेऊन गेला. त्याला विचारलं तर म्हणाला, ते काका माथ्यावर माझ्या पाचच मिनिटं मागे होते. सव्वातीन झाले. आता मला घाटातली प्रत्येक दरी डोळ्यांपुढे दिसू लागली. फोन लावला, तर रेंज नाही. मुलीने यादी मिटली होती, पण माझं तोंड बघून पुन्हा उघडली. ताईंचा फोन आला, तो मी उचलला नाही. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हापासून या माणसाला मी मनातल्या मनात किती नावं ठेवली असतील, आणि त्या अर्ध्या तासात मी देवाशी काय काय कबूल केलं, ते मी इथे लिहीत नाही.

पावणेचारला ते आले. खरचटलेलं नाही, चेन तुटलेली नाही, पंक्चर नाही. मी विचारलं काय झालं. ते म्हणाले, "काय नाय, थांबलो होतो."

कशाला, तर बघायला. उतरताना एका वळणावर रस्त्याकडेला मोकळी जागा होती. तिथे त्यांनी ब्रेक लावला आणि सायकलीवर तसेच पडून राहिले. पाऊण तास. इतकं रागावून मी आजवर एखाद्या विद्यार्थ्यालाही बोललो नसेन, तितकं त्यांना बोललो. ताईंची अट आठवते का, भंगारवाला आठवतो का, मी इथे मरत होतो ते माहीत आहे का. त्यांनी कधी नव्हे ते मला पुरं बोलू दिलं, कार्ड पुढे केलं आणि म्हणाले, "चौतीस वर्सं सायकल चालवली, गुरुजी. रोज मान खाली. डांबर, खड्डे आणि पुढच्या ट्रकचं मागचं चाक. एवढंच बघितलं. हिच्यावर पडलं की आभाळ दिसतं. घाटात तर दोन्ही अंगांना कडे आणि मधी आभाळ. मला उठवंना." मी शिक्का मारला. तो वाकडा पडला.

मग मात्र ते खरोखर माशासारखे गेले. मी मोटारसायकलने पुढे शहापूरला पोचलो. शाळेच्या मैदानावर दिवे लावलेले होते, मंडळाचे लोक पदकं वाटत होते, आणि ताई कडेला एकट्या उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. साडेसात वाजले. सात एकेचाळीसला फडकं फाटकातून आत आलं. मंडळाचा मुलगा भला होता. त्याने अगदी कळवळून सांगितलं, की काका, अकरा मिनिटं उशीर झाला, कार्ड धरता येणार नाही. साडूंनी मान हलवली आणि सीटवरून उठायचा प्रयत्न केला. त्यांना उठता येईना. ताई पुढे झाल्या, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. भिंतीकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून. मग मला बाजूला घेऊन विचारलं, उशीर कशाने झाला. मी सगळं सांगितलं, जरा रागातच सांगितलं.

"म्हंजे चालवता आली नाय, असं नाय ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही, थांबले म्हणून.

"मग थांबल्याचा येळ धरायचा नाय," त्या म्हणाल्या. "आख्ख्या जल्मात थांबलेत कदी ते?"

भंगारवाला आला नाही. दोन वर्षं ती खाट शहापुरात हिंडली. मग ताईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि लेकीने दोघांनाही नाशिकला नेलं, चौथ्या मजल्यावर. त्या सायकलीला तिथल्या लिफ्टमध्ये जागा नाही आणि शेजाऱ्यांच्या मनातही नाही, म्हणून ती मुरबाडला माझ्या पडवीत आली. माझी मोटारसायकल पावसात भिजते आणि ती आत असते. बायको त्या बांबूवर टॉवेल वाळत घालते. दर रविवारी साडूंचा फोन येतो, चेनला तेल दिलं का, हवा बघितली का, आणि मी दर रविवारी हो म्हणून खोटं बोलतो.

गेल्या रविवारी त्यांनी चेनचं विचारलंच नाही. एकदम म्हणाले, "सरळगावच्या पुढं भात निसवलं का?" मी त्या रस्त्याने रोज शाळेत जातो. मला सांगता येईना. मी म्हणालो, बघितलं नाही हो. ते म्हणाले, बघून सांगा.

दुसऱ्या दिवशी मी सरळगावच्या पुढे मोटारसायकल रस्त्याकडेला लावली, बूट हातात घेऊन बांधावर उतरलो, आणि मधल्या सुटीत त्यांना फोन केला. निसवलंय म्हणालो. लोंब्या आत्ताशा बाहेर आल्यात, अजून हलक्या आहेत, उभ्या आहेत, कालवा आहे त्या बाजूला जास्त. बांधावर दोन बगळे होते. डोंगरावर ढग होते, पण माथा मोकळा होता. मी सांगत गेलो, मग आणखी काय पाहिलं ते आठवून आठवून सांगत गेलो, आणि पलीकडून एक शब्द आला नाही. मध्येच मला वाटलं फोन कटला. कटला नव्हता. त्यांचा श्वास ऐकू येत होता.